शब्दचर्चा : 'रस्किन लेस' म्हणजे लेस की भरतकाम?

प्रश्न : हस्तकलेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात व्हिक्टोरियन काळातल्या मॅरियन ट्वेल्व्ज या बाईंचा आणि 'रस्किन लेस'चा उल्लेख आहे. आपल्याकडे लेस म्हटलं की परकराला लावायची, मीटरवर मिळणारी पट्टी डोळ्यांपुढे येते. इथे तर लिननचा रुमाल आणि त्याच्या मधोमध चौकोनी नक्षी आहे. सरळ 'भरतकाम' लिहू का?

उत्तर : नको, ताई. भरतकामात कापड शाबूत असतं आणि त्यावर टाके घालतात. इथे आधी कापड नाहीसं करतात. हाताने कातलेल्या लिननमधले उभे-आडवे दोरे काढून चौकोनी खिडकी मोकळी करायची, तिच्या कडा बारीक टाक्यांनी पक्क्या करायच्या आणि तुकडा एका ताठ कापडावर कच्च्या टाक्यांनी बसवायचा. मग खिडकीत सरळ आणि तिरके दोरे ताणायचे. त्यांच्या आधाराने काजाचा टाका घालत, मध्येमध्ये सुईने विणत त्रिकोण आणि पाकळ्या भरायच्या. शेवटी खालचं कापड सोडवलं की खिडकीत उरते ती फक्त दोऱ्यांची नक्षी.

इटलीत या प्रकाराला 'रेटिचेल्ला' म्हणत, म्हणजे छोटी जाळी. पुढे कारागिरांनी कापडाची चौकटही सोडली, तेव्हा 'पुंतो इन आरिया' हा शब्द आला : हवेतला टाका. रस्किन लेसमध्ये कापडाची चौकट राहते, तेव्हा ती रेटिचेल्लाच्याच घरातली. म्हणून मी 'सुईची लेस' लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला 'कापडाचे दोरे काढून केलेली' एवढं जोडीन. 'कटवर्क' शब्द शिंप्यांच्या तोंडी आहे, पण त्याने कातरकाम तेवढं कळतं, भरणी कळत नाही.

आता नावाबद्दल. कलासमीक्षक जॉन रस्किन उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात, कॉनिस्टनला राहत. हातकताई पुन्हा सुरू व्हावी हा विचार त्यांचा. तो उचलला त्यांचे अनुयायी वकील अल्बर्ट फ्लेमिंग यांनी, 1883च्या सुमारास, लँगडेल खोऱ्यातल्या एल्टरवॉटरला. पण कातायला शिकल्या आणि आसपासच्या बायकांना शिकवलं ते ट्वेल्व्जबाईंनी. सुट्या भागांत आलेला जुना माग फ्लॉरेन्सच्या मनोऱ्यावरच्या विणकामाच्या शिल्पाचा फोटो बघून जुळवला, असं सांगतात. पुढे त्या त्याच भागातल्या केझिक गावी गेल्या आणि 1894मध्ये रस्किन यांच्या परवानगीने त्यांचं नाव लावून स्वतंत्र लिनन उद्योग चालवू लागल्या. नाव रस्किनचं आहे, हात ट्वेल्व्जबाईंचे आणि त्या खेड्यापाड्यांतल्या बायकांचे. भाषांतरात बाईंचं नाव तळटीपेत ढकलू नका, ही कळकळीची विनंती.

1900मध्ये रस्किन वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीवर घातलेलं लिनन केझिकच्या याच उद्योगातलं होतं. त्यावर रानगुलाब भरले होते आणि रस्किन यांच्या एका पुस्तकाचं नाव भरलं होतं. तेच पुस्तक गांधीजींनी 1904मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचलं आणि नंतर गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने त्याचा सारांश लिहिला. विनोबांमुळे आपल्या घराघरांत पोचलेला शब्द तिथून आलाय. मराठी वाचकासाठी एवढी ओळ टाकायला हरकत नाही.

प्रश्न : खूप आभार. लेखात पुढे 'ग्रीक लेस' असंही आहे. ती वेगळी का? आणि 'लिनन'ला 'तागाचं कापड' चालेल?

उत्तर : ग्रीक लेस म्हणजे हीच. त्या काळी रेटिचेल्लाला इंग्लंडमध्ये तसं म्हणायची पद्धत होती. एकच नाव ठेवा, नाहीतर वाचक दोन लेसा शोधत बसेल.

'ताग' मात्र नको. मराठी बायबलमध्ये 'तागाची वस्त्रे' आहेत आणि तिथे ते कानाला गोडही लागतं, पण ताग वेगळा. लिननचा धागा निघतो जवसाच्या खोडातून. आपण जवस चटणीला आणि तेलाला वापरतो, त्यामुळे 'जवसाचं कापड' लिहिलंत तर लोक बुचकळ्यात पडतील. 'लिनन' तसंच राहू द्या आणि कताईचा भाग येईल तिथे जवसाचा उल्लेख करा.