भूक न कळणे आणि जेवण टाळणे

मोठ्या माणसांनी जेवण टाळण्यामागे बारीक दिसण्याची इच्छाच असते, हे मत अॅनोरेक्सियाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे कमी करण्याच्या आजाराच्या) बाबतीत बऱ्याच अंशी खरे असले, तरी स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांना ते सरसकट लावता येत नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत 'आर्फिड' (खाणे टाळण्याचा किंवा फार मर्यादित ठेवण्याचा विकार) हे वेगळे निदान दिले. त्यात शरीराच्या आकाराची चिंता नसते, तर पदार्थाचा स्पर्श, वास किंवा घास अडकण्याची भीती यांसारख्या कारणांमुळे खाणे आक्रसत जाते.

माझी ३४ वर्षांची धाकटी बहीण स्वमग्न आहे. निपाणीच्या आमच्या घरी ती ज्वारीची भाकरी आवडीने खाते, पण आमटीचा ओघळ येऊन भाकरीची कड भिजली की ताट सरकवते, आणि मग दिवसभर काही खात नाही. बेळगावात एका डॉक्टरांनी वजन वाढवण्याचा तक्ता हातात दिला. तिला भूक लागल्याचे मुळात कळते का, हे मात्र विचारले नाही. तिला ते कळत नाही, आणि शरीराच्या आतल्या अशा खुणा न उमगणे अनेक स्वमग्न व्यक्तींत आढळते. हे समजायला आम्हाला फार वर्षे लागली, याचे मनापासून वाईट वाटते. आता आई घड्याळ पाहून वाढते, आणि आमटी वेगळ्या वाटीत, ताटाच्या बाहेर ठेवते.