पार्सल परत आलं की टपालखर्च कोण सोसतं? तुमचे अनुभव लिहा

तीन वर्षं घरून साड्या विकते. गेल्या आठवड्यात एक इरकल परत आली. घडी उघडली तर काठाला आतून सुईची बारीक भोकं, एका टोकाला दोऱ्याचा तुकडा तसाच राहिलेला. फॉल लावून, नेसून, उसवून पाठवलेली साडी! ग्राहक म्हणते, रंग आवडला नाही. जायचे ९० रुपये, यायचे ९०, आणि साडी नवी म्हणून विकता येत नाही ते वेगळंच. फार वाईट वाटलं. आता प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी घालते: "फॉल-पिकोआधी साडी उजेडात धरून बघा, परत करायची तर तेव्हाच करा." फोटोही ट्यूबलाइटखाली काढत नाही, सकाळी गॅलरीत काढते.

तुमचं काय? जे घडलं ते मोकळेपणाने लिहा. नव्याने सुरू करणाऱ्यांना फार उपयोग होईल.

डोंबिवलीहून
आमचे आकाशकंदील. पहिल्या दिवाळीत हात पोळले. कंदील जेमतेम ४०० ग्रॅमचा, म्हणून अर्ध्या किलोचा दर धरून किंमत लावली. कुरियरवाल्याने खोकं मोजलं: तिन्ही बाजू ३० सेंटीमीटर. गुणाकार २७,०००, त्याला कुरियरच्या हिशोबाने ५,००० ने भागलं की खोक्याच्या आकारावरून धरलेलं वजन ५.४ किलो, आणि बिल त्या वजनाचं. वजनकाटा आम्ही आणला होता, पण टेप लावायची असते हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यातले जे परत आले त्यांचं भाडं पुन्हा त्याच हिशोबाने. आता कंदील घडी करून, काड्या वेगळ्या बांधून देतो आणि जुळवायचा व्हिडिओ पाठवतो. खोकं ३५ बाय २५ बाय ४, म्हणजे ७०० ग्रॅम. ताई, पार्सल ठरवताना आधी खोकं ठरवा, मग किंमत.

कोल्हापूरहून
चपला विकतो. आमचं दुखणं कॅश ऑन डिलिव्हरीचं. माणूस फोन उचलत नाही, दार उघडत नाही, पार्सल माघारी. जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच खिशातनं. आता १०० रुपये आगाऊ घेतल्याशिवाय माल बाहेर पडत नाही, आणि पाठवायच्या दिवशी एक फोन करतो. त्यानं बराच फरक पडला.

मापासाठी सहा नंबर, सात नंबर यावर भरवसा ठेवत नाही. कागदावर उभं राहायचं, पायाभोवती पेन्सिलनं रेघ मारायची, टाच ते अंगठा सेंटीमीटर मोजून फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. आणि आधीच सांगतो, कातडं पायात बसायला चार दिवस लागतात, पहिल्या दिवशी घट्टच लागणार. हे न सांगितल्यामुळं कितीतरी जोड उगाच परत आलेत.

म्युनिकहून
मी इथे हाताने केलेले दागिने ऑनलाइन विकते, व्यवसाय नोंदवलेला आहे. युरोपीय संघात ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माल परत करता येतो, आणि जाण्याचा साधा टपालखर्चही मला परत द्यावा लागतो. परतीचं टपाल मात्र ग्राहकाने भरायचं, तेही मी विक्रीआधी स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. पहिल्या वर्षी ती एक ओळ लिहायची राहिली आणि दोन्ही बाजूंचे पैसे भरले.

सांगलीहून
मसाले, लोणची. खायची वस्तू परत घेत नाही. बरणी फुटली तर फोटो मागवून लगेच पैसे देते, वाद घालत नाही. काचेऐवजी जाड पिशवी वापरायला लागल्यापासून ती वेळ क्वचितच येते.

नाशिकहून
एक सांगावंसं वाटतं. "परत घेणार नाही" असं लिहून मोकळे होऊ नका. बाजारपेठेसारख्या संकेतस्थळावर विकत असाल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. आवडला नाही ही गोष्ट वेगळी, सदोष निघाला ही वेगळी. चिठ्ठीत दोन्ही वेगळ्या लिहा.

पुन्हा मीच, साडीवाली
नाशिकच्या दादांचं वाचून चिठ्ठी बदलली. मग वही काढली. दहा साड्यांमागे एक परत येते, म्हणजे १८० रुपयांचा भार दहा साड्यांवर. कालपासून प्रत्येक साडीवर २० रुपये वाढवले. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तीन वर्षं धीर होत नव्हता. आज सकाळी दोन साड्या गेल्या, किमतीबद्दल कोणी विचारलंही नाही.