आधी सी, मगच पायथन? हे कोणी ठरवलं?

फोंड्याचा_मामा: काल इथे एका महाशयांनी प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे संगणकाला सूचना लिहायच्या, भाषांबद्दल लिहिलं, "नवशिक्याने आधी सी घोकावी. पायथनने सुरुवात केली की पाया कच्चा राहतो." डोकं तापलं, म्हणून हा धागा.

चवथीच्या सुट्टीत भाचीला डेस्कटॉपपुढे बसवलं. पायथन उतरवलं, आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत 'पायथन' टाइप केलं, तर मायक्रोसॉफ्टचं दुकानच उघडलं! पोर विचारते, "मामा, पयशे भरूंक जाय?" इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर तळाशी 'पाथ'चा (पायथन कुठे ठेवलंय ते विंडोजला सांगणारा) चौकोन असतो, त्यात खूण करायची मीच विसरलो होतो. परत घातलं. दहा मिनिटांत तिने २ चा १०० वा घात काढला आणि पडद्यावर बोट ठेवून ३१ आकडे मोजले. सीमध्ये पहिल्या दिवशी हे झालं असतं?

टर्बोभक्त_म्हापसा: ते महाशय मीच. आकडे मोजले, छान. ते मेमरीत मावले कसे, हे विचारलं का तिने? आम्ही टर्बो सीमध्ये (सीचा कोड चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये) फॅक्टोरियल काढायचो, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार. ७ चं ५०४०, बरोबर. ८ चं उत्तर आलं उणे २५२१६! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, १६ बिटांचा (शून्य-एकच्या १६ खणांचा), ३२७६७ च्या पुढे उलटून उणे होतो. हे दोन दिवस पायथन देणार?

डिचोलीची_बाई: तुम्हाला ते दोन दिवस गोड लागले. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तेवढ्यात संगणकाला रामराम ठोकतात. आणि टर्बो सी म्हणजे सी नव्हे हो. डॉसबॉक्समधला (जुने डॉसचे प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सोयीतला) तो निळा पडदा अजून किती वर्षं पुजायचा? सीसाठी जीसीसी हा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) फुकट मिळतो.

खरा अडसर वेगळाच आहे. मराठी शाळेतून आलेली मुलं व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या डब्याला) इंग्रजी नाव काय द्यावं यावरच अडतात. पायथन ३ मध्ये 'बेरीज' असं देवनागरी नाव सरळ चालतं. कोडात आकडे इंग्रजीच लागतात, पण इनपुटला १२ मराठीत टाइप केलं तरी पायथनमधली इंट ही आज्ञा त्याचे बारा करते. करून बघा.

पणजीचा_पगारदार: बाई, इफ, फॉर, व्हाइल हे भाषेचे ठरलेले शब्द इंग्रजी आणि नावं मराठी? धड ना हे, धड ना ते. असला कोड घेऊन बंगळुरात मुलाखतीला पाठवणार?

डिचोलीची_बाई: मुलाखत दहा वर्षांनी आहे, तास उद्या आहे. २०११ मध्ये गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हाही असेच नोकरीचे दाखले ऐकले होते.

पणजीचा_पगारदार: मी स्वतः मराठी शाळेतला आहे! पहिल्या नोकरीत एरर मेसेज वाचता येईना म्हणून सहा महिने मान खाली घालून बसलो. ते तुम्ही नाही सोसलंत.

साखळीकर: आला माध्यमाचा वाद! आता कोकणी-मराठी पण काढा, १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत जाऊन येऊ.

पेडण्याचा_पाहुणा: भांडण संपलं असेल तर सांगा, माझ्या विंडोज ७ वर नवं पायथन चढत नाही. त्यात पाऊस आला की वीज जाते, काल न साठवलेला अख्खा कोड गेला.

साखळीकर: विंडोज ७ ला ३.८ हे शेवटचं. नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स टाका. विजेवर औषध नाही, यूपीएस घ्या.

डिचोलीची_बाई: @पगारदार, एरर मेसेजचं मान्य. ते वाचायला शिकवायलाच हवं. नावं मात्र मराठीच राहतील.

फोंड्याचा_मामा: टर्बोभक्त, तुमचं ते उणे उत्तर भाचीला दाखवलं. पायथनमध्ये तिला ४०३२० आलं, म्हणून आता सकाळपासून एकच धोशा, "तुमचें उणें कशें आयलें?" नाइलाजाने जीसीसी उतरवतोय. खूश?

टर्बोभक्त_म्हापसा: अत्यंत. पण जीसीसीत इंट ३२ बिटांचा. १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत ठीक, १३ ला १९३ कोटी आणि वर काही लाख येतील. उणे नाही, म्हणून चूक आहे हे ध्यानातही येणार नाही. आणि तिथे खुणेचा चौकोन नसतो, पाथ हातानेच घालावा लागतो.