लँडिंग लाइट लावला की कूलंटचं तापमान चढतं (माझदा १३बी रोटरी इंजिन, घरी बांधलेलं विमान)

रोटर_दोन:
दोन आसनी विमान, १३बी इंजिन, २.८५:१ गिअरबॉक्स, स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), पॅनेलवर वेगळा इंजिन मॉनिटर. बॅटरीची निगेटिव्ह फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत), तिथून ब्लॉकला वेणीचा स्ट्रॅप. जमिनीवर १८०० आरपीएमला लँडिंग लाइट आणि दुसरा इंधनपंप लावला की मॉनिटरवर कूलंट ८२ चं ९१ होतं. तेलाचं तापमानही सोबत चढतं. दोन्ही बंद केले की आकडे तत्क्षणी खाली. ईसीयूच्या स्क्रीनवर मात्र कूलंट ८२ ला ठाम. मॉनिटरचे दोन्ही सेन्सर एका तारेचे आहेत, नवे बसवले तरी तेच. शिवाय पीटीटी (रेडिओवर बोलायचं बटण) दाबलं की मागच्या रोटरचा ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) शंभर अंशांनी उडतो, पुढचा हलत नाही. आता काय बदलायचं?

तारजोड:
सेन्सर बदलणं थांबवा. कित्येक लिटर पाणी आणि एवढं लोखंड क्षणात ९ अंश तापत नाही, आणि क्षणात निवत तर नाहीच. हे अर्थिंग आहे.

एका तारेचा सेन्सर आपली निगेटिव्ह ब्लॉकमधून घेतो, मॉनिटर आपली निगेटिव्ह फायरवॉलवरून. अल्टरनेटर ब्लॉकवर बोल्ट केलेला, म्हणून दिवा-पंपाचा करंट परतताना त्याच स्ट्रॅपमधून जातो. जादा लोड १५ अँपिअर आणि स्ट्रॅपच्या जोडांत १५ मिलिओहम धरले तर सव्वादोनशे मिलिव्होल्ट तिथेच पडतात. ब्लॉक फायरवॉलपेक्षा तेवढा खाली जातो, मॉनिटरला सेन्सरचं व्होल्टेज कमी दिसतं, आणि एनटीसीत (तापला की रोध घटणारा सेन्सर) कमी व्होल्टेज म्हणजे जास्त तापमान. एवढ्या फरकाने आकडा ८-१० अंश सहज हलतो; नेमका किती, ते मॉनिटरच्या पुल-अपवर (सेन्सरला व्होल्टेज पुरवणारा रोधक). ईसीयूचा सेन्सर दोन तारांचा, त्याची परतीची तार थेट ईसीयूत जाते, म्हणून तो ठाम.

तपासायला मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. काळी पिन मॉनिटरच्या अर्थ पिनला, लाल स्वच्छ घासलेल्या ब्लॉकला. लोड बंद आणि चालू, दोन्ही वाचनं घ्या. मग लोड चालूच ठेवून अल्टरनेटरचं फील्ड (त्याला चुंबकत्व देणारा पुरवठा) बंद करा. सगळा करंट आता बॅटरीतून येईल आणि स्ट्रॅपवर पडणारं व्होल्टेज जाईल. आकडा ८२ ला परतला की निदान पक्कं. हे जमिनीवरच करायचं आणि बी-लीडला (अल्टरनेटरची मुख्य आउटपुट तार) हात लावायचा नाही. चालत्या अल्टरनेटरची बी-लीड सुटली तर व्होल्टेज उसळून रेग्युलेटर जातो.

गरम_टोक:
ईजीटीचं दुखणं बहुधा वेगळं आहे, दोन्ही एकत्र शोधू नका. के-टाइप थर्मोकपल (ईजीटी प्रोबमधली दोन धातूंची जोडी) अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे शंभर अंशांची उडी जेमतेम ४ मिलिव्होल्टची. इतका सिग्नल रेडिओला बिघडवायला काहीच नाही.

आधी मॉनिटरवर पुढच्या-मागच्या प्रोबच्या जोड्या अदलाबदल करा. उडी तारेबरोबर गेली तर दोष तारेत किंवा प्रोबमध्ये, जागेवरच राहिली तर मॉनिटरच्या इनपुटमध्ये. मग अँटेनाची केबल काढून रेडिओला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोधक) लावा आणि पीटीटी दाबा. उडी थांबली तर लहरी अँटेनाकडून तारेत शिरताहेत: तार कोअॅक्सपासून (अँटेनाच्या केबलपासून) लांब न्या, जोडी पिळा, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झला चालणारा फेराइट (लहरी अडवणारं कडं) मॉनिटरजवळ बसवा. फायबरच्या विमानात अँटेनाखालचा ग्राउंड प्लेनही (धातूचा थर) बघा. डमी लोड लावूनही उडी राहिली तर रेडिओच्या पुरवठ्याची तार आणि अर्थिंग तपासा.

मधे कुठे साधी तांब्याची तार जोडलेली नाही ना? सगळी वाढीव तार के-टाइपच हवी. रंगांवर विसंबू नका, अमेरिकन तारेत लाल निगेटिव्ह असते. चुंबक लावा, चिकटते ती निगेटिव्ह. प्रोबचं टोक म्यानाला जोडलेलं असेल तर तो एक्झॉस्टमार्फत ब्लॉकला टेकतो आणि तारजोड यांनी सांगितलेला फरक ईजीटीतही घुसतो. रोटरीवर टोक विलग असलेलाच प्रोब घ्या. एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा बराच गरम, प्रोब लवकर जळतात; पण जळणारा प्रोब बहुधा हळूहळू कमी दाखवत जातो, पीटीटीशी त्याला देणंघेणं नसतं.

ओ_रिंग:
एक धोका इथे कुणी लिहिला नाही. आकडा क्षणात *चढला* तर वायरिंग बघा, पण क्षणात *उतरला* तर आधी पाणी बघा. कूलंट गळून सेन्सर वाफेत उघडा पडला की तो कमी तापमान दाखवतो आणि इंजिन तिकडे भाजत असतं. हाउसिंगमधल्या रबरी सील एकदा निकामी झाल्या की कूलंट ज्वलनाच्या चेंबरमध्ये शिरतं, मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून कूलंटच्या दाबाचा सेन्सर हवाच. ०-३० पीएसआय, ०.५ ते ४.५ व्होल्टवाला, तीन तारांचा. इंजिनावर नको, कंपनाने मरतो. फायरवॉलवर बसवून बारीक होज न्या. इंजिन तापलं तरी दाब शून्याजवळच असेल तर कॅप किंवा गळती. असे सगळे सेन्सर एकदम वेडं दाखवू लागले तर त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा मोजा. एक शॉर्ट झाला की तो बाकीच्यांना खाली ओढतो.

तेलाचं तापमानही "अर्थिंगच असेल" म्हणून सोडू नका. रोटर आतून तेलानेच थंड होतात.

रोटर_दोन:
लोड बंद असताना उणे ४० मिलिव्होल्ट, चालू केल्यावर उणे २६०. फील्ड बंद केलं की जवळजवळ शून्य, कूलंट ८२. स्ट्रॅप नवा टाकू?

तारजोड:
आधी कुठला जोड खातोय ते बघा. लोड चालू ठेवून मीटरची एक पिन लगवर (स्ट्रॅपच्या टोकाची कडी), दुसरी त्याच बोल्टखालच्या धातूवर. मग लग ते वेणी. मग वेणीची दोन टोकं. मिलिव्होल्ट सर्वाधिक जिथे, चोर तिथे. बहुतेकदा लगखाली रंग किंवा अॅनोडायझिंग निघतं. ते घासून दातेरी वॉशर टाका. क्रिंप (लगची वेणीवर दाबलेली पकड) ढिला असेल तर लग कापून नवा लावा. इंजिन माउंटवर भरवसा नको, रबरी बुशमधून करंट जात नाही.

मग मॉनिटरची अर्थ तार काढून स्ट्रॅपच्या ब्लॉककडच्या बोल्टवर न्या. त्याआधी मॉनिटरचं मॅन्युअल बघा, काहींना वेगळी सेन्सर-अर्थ पिन असते. असेल तर तीच ब्लॉकवर न्या, मुख्य अर्थ फायरवॉलवरच राहू द्या. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप असेल तर काढा, पातळ सीलंट मोजक्या आट्यांना पुरे.