मदत हवी आहे : अक्षरं येतात, पण शब्द वाचता येत नाही

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, मराठी त्यांच्या कानावर पडते ती बहुतेक शाळेतच.

सुटी अक्षरं ती पटापट ओळखतात. फळ्यावर 'गरम' लिहिलं की मात्र 'ग... र... म...' म्हणून थांबतात, तिन्ही आवाज जोडून शब्द होत नाही. काना जमतोय. खरी अडचण पहिल्या वेलांटीची. ती लिहायची अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. म्हणून 'दिवा' लिहिताना बरीच मुलं ऐकल्याप्रमाणे द काढून मग वेलांटी देतात आणि ती व ला जाऊन चिकटते. कान बरोबर आहे त्यांचा, हे मला दिसतं. नुसतं चूक म्हणून खोडायला जीव होत नाही.

बाराखडी पाठ करून घेण्यापेक्षा म, न, ग, र, ल आणि काना एवढ्यावरच रान, नाग, मामा, गाल असे शब्द आधी वाचून घ्यावेत असं मला वाटतं. कुणी असं केलंय का? वेलांटी कधी आणली?

दुसरं, दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जाणारी लेकरं मार्च-एप्रिलला परत येतात. त्यांना वर्गात सामावून घेताना कुठून सुरुवात करता? फडावर सोबत नेता येईल असं काही साहित्य कुणी बनवलं असेल तर फोटो टाका. गोरमाटी येणाऱ्या शिक्षकांनी तर जरूर लिहावं.