आधी पन्हाळा, मग राजवाडा

एका दिवसात पन्हाळा, जोतिबा आणि कोल्हापुरातला न्यू पॅलेस राजवाडा होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. पण काही जण सुचवतात तसं राजवाड्यापासून सुरुवात करू नका. सकाळी लवकर थेट पन्हाळा गाठा. कोल्हापुरापासून साधारण २० किलोमीटर आहे, आणि ऊन चढायच्या आत गड पायी फिरण्यात जी मजा आहे ती गाडीतून नाही.

‘तीन दरवाजा’ या गडाच्या प्रवेशद्वाराचं कोरीवकाम नीट बघा. शेजारीच अंधारबाव आहे. वरून साधी इमारत वाटते, आत तीन मजले आणि तळाशी पाणी. वेढा पडला तर पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून केलेली ही सोय! अंबरखान्याला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारं पाहिली की १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा असताना गड महिनोन्‌महिने कसा तगला ते समजतं. गाईड लोक हे घाईत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. सज्जाकोठीवरून खालचं खोरं दिसतं, तिथे जरा बसा.

जोतिबा येताना वाटेवरच करा.

राजवाडा दुपारनंतर. १८८४ साली पूर्ण झालेली, मेजर मँट यांच्या आराखड्याची ही काळ्या दगडातली वास्तू आहे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते चुकवू नका. मुलं सोबत असतील तर आवारातली हरणं आधी दाखवा, म्हणजे राजवाड्यातलं संग्रहालय तुम्हाला निवांत बघता येईल.