जपानी शिकताना मराठीकडेच लक्ष जाऊ लागले; आपला अनुभव काय?

प्रश्न
गेली तीन वर्षे मी पुण्यात जपानी शिकते आहे. सुरुवातीला धाक कांजींचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरचिन्हांचा, वाटत होता, परंतु खरी दमछाक केली ती ‘देणे’ या साध्या क्रियापदाने. आपण दुसऱ्याला दिले तर ‘आगेरु’ आणि दुसऱ्याने आपल्याला किंवा आपल्या घरच्या माणसाला दिले तर ‘कुरेरु’. म्हणजे वाक्य पुरे करण्याआधी आपले कोण आणि बाहेरचे कोण, हे ठरवावेच लागते. ‘तेत्सुदात्ते कुरेता’ असे म्हटले की ‘त्याने मदत केली’ एवढ्यावर न थांबता ती माझ्यासाठी केली, ही जाणीवही वाक्यात येते. ‘कुरेता’ गाळले तर ते कोरडे वाटते, असे आमच्या बाई वारंवार सांगतात.

परवा आई म्हणाली, “काकूंनी ब्लाउजची बाही उसवून दिली,” आणि मी त्या ‘दिली’पाशी अडखळले. बाही उसवली, उसवून दिली, उसवून घेतली: काम कोणासाठी झाले, हे मराठीही सांगते, फक्त सक्ती करत नाही. आयुष्यभर बोलत आलेली ही गोष्ट मला आताच का दिसावी? आणि असे लक्ष टिकते, की अभ्यास सुटला की विरून जाते?

प्रतिसाद १
माझ्या बाबतीत ते टिकले आहे. ओसाकात नोकरीला असताना फोनवर समोरचा माणूस ‘हाइ, हाइ’ (हो, हो) म्हणत राहिला की माझी अट त्याने मान्य केली, असे मी समजत असे, आणि त्यापायी एकदा मालाची तारीख चुकली. तो केवळ ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगत होता. या हुंकाराला ‘आइझुचि’ म्हणतात. ऐरणीवर दोन लोहारांनी आळीपाळीने घण घालावेत, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. तो कळला तेव्हा मला आजी आठवली. गोष्ट सांगताना आमचे ‘हं’ थांबले की तीही थांबत असे आणि “झोपलात का रे?” असे विचारत असे. परत येऊन बरीच वर्षे झाली, तरी कोणी बोलत असताना आपला हुंकार कुठे पडतो, याकडे माझे लक्ष असते.

प्रतिसाद २
थोडा मतभेद नोंदवतो. जपानीत पहिल्या तुरळक थेंबांना ‘पोत्सु पोत्सु’, संथ पावसाला ‘शितो शितो’ आणि कोसळणाऱ्याला ‘झाआ झाआ’ म्हणतात, हे शिकताना वर्गातल्या अनेकांना नवल वाटले. मी कोकणातला, मला वाटले नाही. भुरभुर, रिपरिप, धो धो हे आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत कामाचे शब्द आहेत, कारण चिखलणीला खाचरात पाणी साचावे लागते आणि ते भुरभुरीने साचत नाही. तेव्हा निरीक्षण भाषेने दिले, असे म्हणण्यापेक्षा ते कामाने दिले आणि भाषेने जपून ठेवले, असे मी म्हणेन. मात्र ‘कुरेरु’ची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य करतो, एखादा शब्द हाताशी असणे आणि तो वापरल्यावाचून वाक्यच न होणे, यांत मोठे अंतर आहे.

प्रतिसाद ३
मी हैदराबादेत राहतो. तेलुगू शिकताना ‘मनमु’ आणि ‘मेमु’ हे दोन शब्द भेटले: पहिल्यात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. शिकवणाऱ्यांनी समजावण्याआधीच मी म्हणालो, “आपण आणि आम्ही!” तोवर हा भेद मराठीत आहे, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. विरून जाण्याविषयी आपण विचारले आहे. बारा वर्षे झाली, तरी कार्यालयात सहकारी हिंदीत “हम लोग खाने जा रहे हैं” म्हणाला की त्या ‘हम’मध्ये मी आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी अजूनही डबा उघडता उघडता थांबतो.